आकडा नॉर्मल होता

प्रिय आई,

तर परवा फोनवर मी 'लॅबमध्ये सगळं मस्त चाललंय' म्हणाले ना, ते अर्धंच खरं होतं. जेवण वेळेवर होतं, सर्दीही गेली, ती काळजी नको.

काल आमच्या प्रयोगाला एक म्हातारे शिंपीकाका आले होते. गार पाणी फिरणारं जॅकेट घालून बसायचं होतं. त्यांची बोटं पांढरी पडली. म्हणाले, "पोरी, गारठलो गं." मी स्क्रीन बघून सांगितलं, "काका, आतलं टेम्परेचर नॉर्मल आहे, उगाच घाबरू नका."

आमच्या लॅबच्या मॅडमनी प्रयोग थांबवला आणि मला विचारलं, "नॉर्मल का आहे, ते सांग." मी काकांच्या बोटांकडे बघत सांगायला लागले. मानेच्या जरा वर ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा देठासारखा भाग, असतो. गारठा लागला की तो कातडीच्या रक्तवाहिन्या आवळायला लावतो. आतली ऊब टिकते, कारण कातडी सोसत असते. परीक्षेत याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते.

ताप चढायच्या आधीही असंच होतं, आणि मला तू आठवलीस. मी घरी असताना एकदा तुला हुडहुडी भरली होती. मी थर्मामीटर बघून "नाटकं नको करूस" म्हणाले आणि तुझं पांघरूण ओढून घेतलं. तासाभरात तू तापाने फणफणलीस. त्यावर कधी एक शब्द बोलली नाहीस.

गुडघे कसे आहेत? खरं सांग.

तुझीच,
अतिशहाणी

ता.क. काका सोमवारी परत येतायत. आधी माफी मागू, की न बोलता ब्लँकेट पुढे करू? त्या दिवशी तुला काय हवं होतं?