फोटो परत घ्यायची चावी

४ जुलै, शुक्र.
वधू-वर मंडळाचे अध्यक्ष लातूरहून पुन्हा निलंग्याला आले, माझ्या घरी. चहा पिऊन म्हणे, "अक्का, तुमची स्थळांची वही आमच्या साइटवर टाकू. माझा जावई सगळं बसवून देतो. तुम्ही फक्त बाया आणा." म्हणलं, बाया म्हणजे शेळ्या हायत का. ते हसले. मला हसू आलं न्हाई.
बारा वर्षं दुसऱ्या लग्नाची स्थळं जुळवून राहिले. विधवा, सोडलेल्या, टाकलेल्या. फोटो माझ्याच पिशवीत. पाव्हण्याच्या हातात द्यायचा, बघून झाला की तिथंच परत घ्यायचा. कुणाच्या घरी ठिवून आले न्हाई कधी. जावयाच्या साइटीत सगळे फोटो, नंबर कमिटीच्या नऊ बाप्यांना दिसणार. कशाला? म्हणे देखरेख.
न्हाई म्हणलं. साइट मीच काढणार.

६ जुलै, रवि.
नांदेड. रेखाकडं. धाकटी जाऊ, कम्प्युटरचा क्लास चालवती. म्हणे साइट चालवायची यंत्रणा फुकट मिळती, ओपन सोर्स म्हणतात. कुणा एकाच्या मुठीत न्हाई, आतलं सगळं उघडं. आपण घ्यायचं आन् आपल्या जागेवर मांडायचं. उद्या रेखाशी भांडण झालं तरी दुसरं कुणीबी चालवून देईल. हे पटलं.
तीन दाखवल्या. इंग्रजी नावं जिभेवर बसंनात, म्हणून चित्रावरून ठिवली. डब्लूवाली, गाठवाली, थेंबवाली.
"डब्लूवाली घ्या अक्का, आठ दिवसांत शिकाल."
"हिच्यात बाईला तिचा फोटो तिच्या हातानं उतरवता येतो का? मला न विचारता?"
"तिघींतबी जमवता येतंय. कुठं खटाटोप कमी, कुठं जास्त."
म्हणलं, जमवून दाखव, मग बोल. तिनं जेवायलाच वाढलं.

११ जुलै, शुक्र.
पाच दिवस नांदेडलाच. थेंबवाली बघितली. चौकटीच चौकटी. कुणाला काय दिसावं, कुणी काय लावावं, कुणी काय उतरवावं, एकेका चौकटीत खूण करायची. डोकं उठलं. पण मला हेच पाहिजे होतं.
रेखा म्हणे, ही अवघड हाय, सातवी नापासाला झेपंल का. म्हणलं, तू बी. कॉम. हायस, सकाळपासून तुला तरी कुठं येऊन राहिलं.

१५ जुलै, मंगळ.
चुकलं. माझंच.
रेखा म्हणाली होती, नमुन्याला कायबी नाव टाका. खोटं स्थळ लिहू कसं? बारा वर्षांत एक लिहिलं न्हाई. हात धजला न्हाई. वहीतलं खरं भरलं. महानंदा, देगलूर, विधवा, फोटो, नंबर सुदीक. मला वाटलं कम्प्युटरात हाय म्हणजे पेटीत हाय. कुलूप अजून लागायचं होतं. साइट सगळ्या जगाला उघडी.
तिच्या दिराला कुणी तरी पाठवली. त्याचा फोन. "आमच्या घरची बाई बाजारात मांडली का?"
रेखानं पान उतरवलं. पण ज्यांनी बघितलं त्यांच्या डोळ्यांतून कसं...

१६ जुलै, बुध.
अध्यक्षांना लगेच मालूम. फोन. "बघा अक्का, म्हणून कमिटी पाहिजे. आता साइटच्या चाव्या, ते पासवर्ड, आमच्याकडं द्या."
म्हणलं, चूक माझी, निस्तरंन मी. माझा हात चुकला म्हणून चावी तुमच्या हातात कशी?
"बाईमाणसाचं काम न्हाई हे."
"मंडळानं आजपर्यंत किती विधवांची लग्नं जुळवली, सांगा."
फोन ठिवला त्यांनी.

१८ जुलै, शुक्र.
देगलूर. एसटीत उभीच. दीर दारात आडवा. "कशाला आलात?"
"माफी मागायला. तुमची न्हाई, तिची."
महानंदा म्हणाली, "अक्का, लावायच्या आधी मला विचारलं का न्हाई?" एवढंच.
दीर म्हणे, कायमचं पुसून टाका. म्हणलं, तिला म्हणू द्या. ती उठून आत गेली.

२४ जुलै, गुरु.
ठरलं. थेंबवाली. फोटो लावायची आन् उतरवायची खूण जिचा फोटो तिच्याच रांगेत. माझ्या रांगेतली पुसायला लावली. साइटला कुलूप बी लागलं, आता सगळ्या जगाला दिसायची न्हाई.
रेखा: "अहो, साइट तुमची. तुम्हाला तरी ठिवा."
"मलाच न्हाई ठिवायची. महानंदाच्या येळी बघितलंस ना?"
दुरुस्तीची मोठी चावी रेखाकडं. बिघाडाशिवाय हात लावायचा न्हाई, तिच्याकडून कबूल करून घेतलं. अध्यक्षांचा निरोप, मंडळ तुमच्याशी संबंध तोडंल. तोडा म्हणावं.

२७ जुलै, रवि.
सकाळी फोनवर महानंदाला तिची चावी सांगितली. कुठं दाबायचं, कसं लावायचं, कसं उतरवायचं. तिनं दोनदा विचारलं, "दुसऱ्या कुणाला न्हाई ना येत?" पान कोरंच ठिवलंय म्हणलं. लाव न्हाईतर नको लावू.
दुपारी फोटो लागला. माझ्या पिशवीतला न्हाई, नवाच. चष्मा घालून उभी, पदर खांद्यावर.
चारला उतरला. दीर आला असंल, का तिलाच... फोन करायला हात गेला होता, मागं घेतला.
साडेपाचला परत लागलाय. आत्ता तरी हाय.