पातळ भिंतींची खोली

३ मार्च

तीन हॉटेलं. फोटो बघून बघून डोळे दुखायला लागले. डावा तसाही दुखतोच आहे.

साहेबांना कंपनीने युरोपची सहल दिली! साहेब म्हणजे माझा नवरा. ऑफिसात त्याला सगळे साहेब म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणणार. कागदावर तरी मान राहू दे. विक्रीत पहिला आला. एक शहर, तीन माणसं — तो, मी आणि सासूबाई. तिघांचाही पहिलाच परदेश. तिथे आईबरोबर, बायकोबरोबर हसतमुख फोटो काढायचे, ते कंपनीच्या मासिकात छापून येणार.

"हॉटेल तू शोध," म्हणाला. "दिवसभर लोकांच्या कानात डोकावत बसतेस, जरा डोकंही चालव. आणि जागा भिकार निघाली तर तिथेच गाडीन तुला."

तिथेच गाडणार! परक्या देशात! परवानगी लागत असेल ना त्याला?

५ मार्च

नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून मीच ठेवली.

मठ — पूर्वी मठ होता, आता हॉटेल. हातभर जाडीच्या दगडी भिंती. लोकांनी लिहिलंय, "काय शांतता! शेजारी कोणी राहतंय हे कळतसुद्धा नाही." भरभरून तारे.

नदीवाला — सगळ्यात वरची खोली, बाहेर बाल्कनी. फोटो मोठा करून पाहिला. कठडा गुडघ्याच्या जेमतेम वर. नको रे बाबा.

बेकरीवाला — खाली बेकरी, वर खोल्या. एका मोठ्या खोलीत फळ्या ठोकून दोन केल्यात. तारे कमी, शिव्याच जास्त. "भिंती कसल्या, पुठ्ठे आहेत! शेजारचा कुशीवर वळला तरी कळतं." आणखी एकाने लिहिलंय — "शेजारच्या जोडप्याचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागलं. शेवटी मी खाली जाऊन सांगितलं, तेव्हा मालकीण धावत वर आली."

ही तक्रार मी किती वेळा वाचली! धावत वर आली. ती आली!

बाकीच्या बायका खिडकीतून काय दिसतं ते बघत असतील. मी टेबलाचे कोपरे बघते. दिवा भिंतीत पक्का आहे की उचलता येतो ते बघते. न्हाणीघराला आतून कडी आहे का ते बघते. बेकरीवाल्याकडे कडी आहे. पितळी, चांगली जाड.

६ मार्च

फोनचा चार्जर सापडेना. तो त्याच्याच बॅगेत होता! ते नंतर. आधी माझा हात पाठीमागे पिरगळून झाला आणि कपाटाच्या दारावर डोकं आपटून झालं. दोनदा. दुसऱ्यांदा दाराची बिजागरी निघाली, तर त्याबद्दल वेगळी थप्पड.

आमच्या घरातून आवाज कुठे जात नाही. खाली सुताराचं दुकान, दिवसभर करवत कोकलत असते. शेजारचं बिऱ्हाड रिकामं. वर गच्ची.

आणि बाहेरच्या खोलीत सासूबाई. त्यांच्या कानाला मशीन आहे. मीच तपासलं, मीच बसवून दिलं — दवाखान्यात माझं कामच ते. मुलाचा आवाज चढला की त्या मशीन काढतात, डबीत ठेवतात आणि डबी मिटतात. टक्! हा टक् झाला की मला कळतं, आता कोणी नाही.

मशीनशिवाय त्यांना कुजबुज ऐकू येत नाही. आरडाओरडा येतो. डोकं आपटलेलं तर नक्कीच येतं. त्यांच्या ऐकण्याचा आलेख मी स्वतः काढलाय, मला काय सांगतात!

७ मार्च

दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, "पुन्हा कपाट?"

मी म्हटलं, "पुन्हा."

त्या कपाटाला आता पगार सुरू करायला हवा.

१० मार्च

बेकरीवाला ठरवून टाकला! दोन खोल्या, एकमेकींना लागून. साहेबांना सांगितलं, मठात जागा नाही. तो क्रिकेट बघत होता. "हं" म्हणाला. हं! एवढ्यावर सुटले.

दिवसभर उगीचच गुणगुणत होते. एका आजोबांनी चाचणीच्या मध्येच विचारलं, "हा आवाज मशीनमधून येतोय का?"

१४ मार्च

लिहायला त्रास होतोय. उजवी दोन बोटं सुजलीत.

त्याने स्वतः मठ उघडून बघितला. खोल्या होत्या. मग शांतपणे माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि बेकरीवाल्याचं पान काढून फोन माझ्या हातात दिला. "वाच. मोठ्याने. एकेक तक्रार."

वाचली. "चादरी जुन्या." थप्पड. "पहाटेपासून पावाचा वास." थप्पड. "लिफ्ट म्हणजे खोकं." थप्पड. करवत चालूच होती. मग ती आली — भिंतींची. मी वाचताना गाळायला गेले. त्याने फोन हिसकावला, स्वतः वाचली. आणि हसला.

"अच्छा! म्हणून होय! लोकांना ऐकवायचंय बाईसाहेबांना!"

तो हसला ना, तेव्हा मी घाबरले. केस धरून मोरीपर्यंत ओढत नेलं. नळाखाली डोकं, पाणी नाकात, पुन्हा वर, पुन्हा खाली. मी चावले. पहिल्यांदाच चावले! अंगठ्याच्या खालचं मांस, दात आत जाईपर्यंत. रक्ताची चव आली. घाण वाटायला हवी होती, नाही वाटली. मग त्याने माझी बोटं दाराच्या फटीत धरली आणि दार लावलं.

बाहेर टक्.

बेकरीवाला रद्द. त्याने मठ घेतला. सासूबाईंची खोली अंगणापलीकडे, वेगळ्या इमारतीत.

१५ मार्च

हातभर जाडीच्या भिंती. मी तिथून परत येणार नाही. हे मला अगदी साधं, स्वच्छ कळलंय.

१७ मार्च

सासूबाईंचं मशीन साफ करायचा दिवस. मऊ ब्रशने मळ काढला. एवढंसं असतं ते, शेंगदाण्याएवढं. जमिनीवर ठेवावं, टाच द्यावी, चुरा करावा आणि म्हणावं, घ्या आई, आता कायमची शांतता! टाच उचललीसुद्धा होती. मग ब्रश फेकून दिला भिंतीवर.

त्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे. म्हणाल्या, "नवे सेल घाल. आणि जास्तीचे बरोबर दे, प्रवासाला."

"कशाला आई? तुम्हाला तर शांतता आवडते."

तोंडातून निघून गेलं. वाटलं आता मुलाला सांगणार. माझ्या बोटांकडे बघितलं आणि गेल्या.

राग येतो त्यांचा. त्याचा येतो त्याहून जास्त येतो. तो मारतो तेव्हा निदान माझ्याकडे बघतो तरी.

१९ मार्च

अजबच! चहाचा कप खाली ठेवून सासूबाई म्हणाल्या, "त्या मठात मी येणार नाही."

साहेब बघतच राहिला. "का?"

"अंगणापलीकडे एकटीने राहायचं? पायऱ्या चढायच्या? गुडघे आहेत का माझे? लिफ्टवालं घे. आणि मला तुमच्या लगतची खोली पाहिजे."

"आई, पैसे कंपनी देतेय, चांगल्या ठिकाणी—"

"मग तुम्ही दोघंच जा. मासिकवाल्यांना सांग, आई आली नाही म्हणून."

त्याने कप भिंतीवर फेकला. त्या हलल्या नाहीत. चहाचे ओघळ मी पुसले. आणि लिफ्ट असलेलं, लगतच्या खोल्यांचं एकच आहे ना तिन्हींत! बेकरीवाला!

म्हातारीला बरे गुडघे आठवले. परवाच तर गच्चीवर टाकी बघायला तरातरा चढून गेल्या. तो जिना मी चढत नाही. कारण आहे. इथेही लिहिणार नाही.

पण मला मिळाला ना माझा बेकरीवाला, त्यांच्या गुडघ्यांच्या कृपेने का होईना!

२० मार्च

आनंद एक दिवस टिकला. सकाळी दाढी करता करता म्हणाला, "पातळ भिंती ना? तोंडात बोळा घालूनही मारता येतं."

गालाला फेस होता. अगदी सहज म्हणाला.

२ एप्रिल

बॅग भरली. लांब बाह्यांचे कपडे. इस्त्री हातात होती आणि तो पाठमोरा बुटांचे बंद बांधत होता, मान खाली. गरम इस्त्री आणि त्याची मान यांत दोन पावलं होती. शर्टाची कॉलर जळाली तेव्हा भानावर आले. शर्ट त्याचाच. दुसरा घातला, जळका कचऱ्याखाली दडवला.

४ एप्रिल

खाली बेकरीत बसून लिहितेय. मालकिणीने समोर गोड दूध ठेवलंय. ओठ फुटलाय, पिता येत नाही.

सकाळी पोचलो. मालकीण दांडगी बाई, कोपरापर्यंत पीठ. लिफ्टवर पाटी — बंद! साहेब माझ्याकडे बघून दात खाऊ लागला.  सासूबाईंनी पिशवी उचलली आणि दोन मजले चढून गेल्या. धापसुद्धा नाही! मी मागून बघतच राहिले.

खोली फोटोत होती तशीच. फळ्यांच्या पलीकडे सासूबाईंच्या पिशवीची चेन उघडलेली ऐकू आली. खरंच पुठ्ठा.

दुपारी चौकात फोटो काढायला गेलो. सासूबाई झोपते म्हणून मागे राहिल्या. मी साहेबांचा फोटो काढला, मागे ते उंच घड्याळ. घड्याळ आलं, बूट कापले गेले. नवे बूट! खास सहलीसाठी घेतलेले! परत येईपर्यंत तो हसत होता. लोकांना नमस्कारासारखी मान डोलावत होता. खोलीत आल्यावर त्याने कुलूप लावलं, न्हाणीघरातला टॉवेल आणला आणि माझ्या तोंडात कोंबला. घशापर्यंत.

कडीपर्यंत मी पोचलेच नाही. कडीचा एवढा विचार केला होता!

छातीवर गुडघा. एक हात टॉवेलवर, दुसरा मोकळा. कशावरच आपटत नव्हता, आवाज होऊ नये म्हणून. नुसती मूठ, बरगड्यांत, एकाच जागी. सावकाश. काहीतरी आत मोडलं ते मला कानांनी नाही, दातांत ऐकू आलं. मी हातपाय झाडले, गादीवरच झाडले.

आणि पलीकडे — टक्.

इथेही. एवढे डोंगर, एवढे समुद्र ओलांडून इथेही तोच टक्! तेव्हा मी हातपाय झाडायचे सोडले. कशाला झाडायचे?

मग भिंत थरारली. धाड्! फळीवरची तसबीर खाली पडली. धाड्! "सोड तिला! सोड म्हणते ना!" बुटाने ठोकत होत्या. तो थिजला. मग त्यांचा आवाज बोळात, मग जिन्यात. मराठीत ओरडत होत्या, इथे कोणाला कळणार? पण मालकिणीला कळलं. धावत वर आली! पिठाच्या हातांनी किल्ली फिरत नव्हती तर तिने खांदा दिला. दार आत आलं.

साहेब टाय सारखा करत इंग्रजीत म्हणाला, बायको पडली.

सासूबाई मालकिणीच्या मागे उभ्या होत्या, एका पायात बूट. त्यांनी माझ्या तोंडातला टॉवेल ओढून काढला आणि त्याच्या तोंडावर फेकला. कानात मशीन होतं. विमानात घरघर होते म्हणून सकाळपासून डबीत होतं ते. डबी मिटताना टक् होतं. उघडतानाही होतंच की! हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, कारण माझ्या अंगावर हात असताना ती कधी उघडलीच नव्हती.

त्याला पोलीस घेऊन गेले. जिन्यावरून जाताना आईला शिव्या देत होता. सगळ्या खोल्यांना ऐकू गेल्या.

५ एप्रिल

दवाखान्यातून थेट पोलिसांकडे. बरगड्या बांधल्यात. फोनवर एक दुभाषी बाई होती. सासूबाई मराठीत बोलायच्या, मग तीच वाक्यं फोनमधून तिकडच्या भाषेत यायची. सगळं सांगितलं. चार्जर, कपाट, नळ, बोटं, लग्नाच्या पहिल्या महिन्यातली थप्पडसुद्धा. आणि गच्चीचा जिना. "पाचवा महिना होता तिला. त्याने वरून ढकललं. मी खाली उभी होते." तो जिना मी आजवर कोणाला सांगितला नाही. पाय घसरला म्हणाले होते.

आता तो सुटत नाही, असं पोलीसबाई म्हणाल्या. साक्ष पक्की आहे.

म्हणजे सगळं ऐकलं होतं. एवढी वर्षं, एकूण एक. आत्ता शेजारच्या खोलीत झोपल्यात, त्यांचा श्वास मला फळीतून ऐकू येतोय. उठून जावंसं वाटतंय. जाऊन त्यांचे पाय धरू, की गळा?