खोडावरचं कुंकू

दत्तू, रातपाळी करून निजलायस म्हणून उठवलं नाय. चहा झाकून ठिवलाय. एक गोष्ट सांगतो, तोंडानं सांगाया जमंना मला.

आपल्या पडलेल्या कडूलिंबाच्या खोडावर कुंकू हाय. तुला वाटलं कुण्या बाईनं पूजा केली. ते मी लावलंय. झाड तोडायच्या आदल्या दिशी हळदकुंकू लावून त्याची माफी मागायची असती. दोन वर्सं खोड पोकळ वाजत व्हतं. सोमवारी फकिरा कुऱ्हाड घेऊन आला, तर वर कावळीची पिल्लं. म्हणलं, "आठ दिस थांब रं, उडू दे त्यास्नी."

भिंतीपल्याडून साळूबाई वरडली, "नाना, कावळ्याची पिल्लं दिसत्यात, आमी नाय दिसत व्हय?"

मी हसलो. तीबी हसली. शुक्रवारच्या वाऱ्यात झाड तिच्याच सैपाकघरावर पडलं, ती आत असताना.

आज तिची राख गोदावरीत सोडाया कायगावला चाललोय. तिच्या मालकानं सोता हात धरून म्हणलं, "चला नाना." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

झाड धोक्याचं हाय हे आपल्याला आधी ठाव असलं तर आपल्या घराचा विमा शेजाऱ्याची भरपाई देत नाय, असं तू काल म्हणालास. तवा कुंकू माझंच हाय हे मी लपवलं. चूक वाऱ्याची नाय, माझी हाय. विमा नाय मिळाला तर त्यांचं सैपाकघर मी माझ्या हातानं बांधीन.

दुपारी विम्याचा साहेब येईल. हे वाचून ते पुसाया फडकं घेऊन धावू नको. त्याला कुंकू दाखीव, आन् कुणी लावलं ते सांग, पोरा.