घ्या ना, संकोच कसला

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण पाठ धरली आहे, मनातल्या मनात घातला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे मी सोडून सगळे ठीक आहेत. मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

वाचनालयाच्या बुद्धिबळ स्पर्धेत मी नाव दिलं होतं. तू शिकवलेली एकच सुरुवात मला येते: वजिरापुढचं प्यादं दोन घरं, समोरच्यानेही तेच केलं की शेजारचं प्यादं त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं आणि तो खातो का बघायचं. दुकानात शिवणयंत्राशेजारी पट मांडून इतका सराव केला की एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या. आणि पहिल्याच फेरीत समोर कोण, तर चष्मेवाले, म्हणजे आपल्या लेकीचे होऊ घातलेले सासरे! (बोलणी चालू आहेत. की होती म्हणू?)

मी प्यादं पुढे केलं. ते बघतात, चष्मा पुसतात, पुन्हा बघतात, पण खात नाहीत. मला राहवेना. हळूच म्हटलं, "घ्या ना, संकोच कसला?" पंच धावत आले, बोलायचं नाही म्हणाले. पण व्याही पडले भिडस्त. त्यांनी नुसत्या भिडेपोटी ते खाल्लं आणि मग ते एवढंसं प्यादं जपायच्या नादात कोपऱ्यातला हत्ती माझ्या वजिरासमोर उघडा टाकला. दादा, तिथे तरी मी गप्प बसायचं! पण मी उभी राहून टाळी वाजवली आणि ओरडले, "कसं फसवलं!"

सगळं वाचनालय वळून बघायला लागलं. त्यात विहीणबाईही होत्या. व्याह्यांनी राजा आडवा केला आणि म्हणाले, "तुम्ही म्हणालात म्हणून घेतलं हो." चिडले असते तरी बरं वाटलं असतं. घरी आल्यावर लेक म्हणाली, "आई, माणूस बघून तरी खेळायचंस," आणि खोलीत गेली. तेव्हापासून ती माझ्याशी भिंतीशी बोलावं तशी बोलते. मी खेळणं कायमचं सोडलं आहे.

लाजेने अर्धी झालेली,
तुझी धाकटी

ता. क. पत्र टाकायच्या आधी माफी मागायला त्यांच्या चष्म्यांच्या दुकानात जाऊन आले. ते म्हणाले, "लग्नाचं मुलं बघतील. आपण रविवारी पुन्हा बसू. या वेळी पांढरी मोहरी माझी."

आणखी एक: काळ्या मोहऱ्यांनी काय खेळायचं ते उलट टपाली कळव. नात्याला शोभेल असं हरायचं नको, जिंकायचंच सांग.