जिन्याखालचं टेबल

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? (डॉक्टरांचं ऐकत नसशीलच, आपल्या घराण्यात कोण कुणाचं ऐकतं?) मी ठणठणीत आहे. नोकरीची प्रकृती तेवढी नाजूक आहे.

आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत मधोमध एक लांबलचक लाकडी टेबल होतं. त्यावर चहाचे डाग, शाईचे ओघळ, सगळ्यांचे डबे. पण आत्या, मी शिकवायला शिकले ते त्या टेबलापाशी! पहिल्या वर्षी मी संभाव्यता शिकवायचे आणि अख्खा वर्ग मख्ख चेहऱ्याने बघायचा. एकदा तिथेच डोकं टेकून रडले, तर रसायनवाले सर डबा खाता खाता म्हणाले, "आधी सूत्र कशाला सांगतेस? पिशवीतून बटणं काढायला लाव, पैजा लावू दे पोरांना." दुसऱ्या दिवशी वर्गात एवढा आरडाओरडा झाला की शेजारचे तक्रार घेऊन आले. तेव्हापासून मी तेच करते.

आता आमचे प्राचार्य कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात भरलं, की प्राध्यापकांनी एकमेकांना ज्ञान द्यायला हवं. (जसं काही आम्ही इतकी वर्षं माश्याच मारत होतो!) झालं. टेबल बाहेर काढलं, काचेची खोली केली, 'ज्ञान-विनिमय कक्ष' अशी पाटी ठोकली. जाण्याआधी वेळ नोंदवायची, आणि काय ज्ञान मिळालं ते नंतर संगणकावर भरायचं. सगळे मूग गिळून बसले. भर काचेत बसून 'मला हे शिकवता येत नाही' असं कोण म्हणेल? जो तो आपलं ठेवतो झाकून आणि दुसऱ्याचं बघतो वाकून. अर्थशास्त्रवाल्या बाईंनी तर अडकलेलं कपाट कसं उघडावं एवढंच ज्ञान भरलं, आणि सत्कार त्यांचाच झाला!

मी गप्प बसलेही असते. पण टेबल भंगारात काढायचं ठरलं, तेव्हा माझं टाळकं सरकलं. रसायनवाल्या सरांनी आणि मी ते ढकलत ढकलत जिन्याखाली नेलं. लगेच तिथे खुर्च्या आल्या, चहा आला, आणि भूगोल शिकवायला आलेली नवी मुलगी येऊन म्हणाली, "वर्ग माझं ऐकतच नाही हो, काय करू?" पाच जण एकदमच बोलायला लागले. नेमके तेव्हाच प्राचार्य जिना उतरले. आता मला लेखी ताकीद आली आहे: टेबल भंगारात द्या आणि माफी मागा, नाहीतर राजीनामा. मी उत्तर दिलं, टेबल देणार नाही, माफी मागणार नाही, आणि राजीनामा तर मुळीच नाही. काय करायचं ते करा!

तुझी हट्टी भाची

ता. क. टेबल उद्या सकाळी टेंपोने तुझ्याकडे येतंय. बाहेरच्या खोलीतला सोफा सरकवून ठेव. नाही म्हणू नकोस, सकाळी दूधवाला हे पत्र तुझ्या हातात देईल तोवर टेंपो निघालेला असेल.

ता. क. २ तुझं घर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा रोज दुपारी आम्हीही येऊ. चहा आमचा आम्ही करू. तू फक्त 'हळू बोला' म्हणू नकोस.

ता. क. ३ आत्ताच प्राचार्य घरी येऊन गेले. मला वाटलं, राजीनामा न्यायला आले. तर म्हणे, रजेवरच्या एका सरांचा वर्ग गळ्यात पडलाय, आणि पोरं मधूनच उठून जातात. काचेच्या खोलीत कुणाला विचारणार? टेबल कुठे चाललंय ते त्यांना कळलंच होतं. मागच्या दाराने आलं तर चालेल का, असं हळूच विचारत होते. मी ठणकावून सांगितलं, यायचं तर पुढून, सगळ्यांदेखत, नाहीतर येऊच नका. मान खाली घालून गेले बिचारे. तू पुढच्या दाराची कडी तेवढी काढून ठेव.