तापलेल्या काचेवर पाणी

अप्पा, त्या दुपारी काच फुटली तेव्हा तुम्ही खोटं का बोललात, हे मला अजून समजलेलं नाही. मी तेव्हा सातवीत होते. आपण धुळ्याहून येऊन सिल्वासाजवळ आमलीत राहत होतो. तुम्ही कारखान्यात इलेक्ट्रिशियन. रविवारी मात्र खानवेलच्या पुढच्या पाड्यावरच्या दवाखान्यात जायचात. तिथे वीज नव्हती, लशींचा फ्रिज छपरावरच्या सोलर पॅनेलवर चालायचा, आणि त्याची देखभाल तुमच्याकडे होती. मे महिन्यात भर उन्हातच फ्रिज मंदावायचा. मला ते पटेना. "ऊन जास्त तर वीज जास्त नको का?" मी विचारलं. "पॅनेलला उजेड पाहिजे, ताप नको. तापलं का सुस्तावतं," असं म्हणून तुम्ही पॅनेलच्या पाठीमागे ओलं गोणपाट बांधलंत.

मी शिडीवर उभी आहे, तुम्ही खाली वायर तपासताय. "गोणपाट वाळलं असंल, पाणी मार," तुम्ही ओरडता. मी माठातलं गार पाणी सरळ काचेवर ओतते. आधी वाफ, मग ताडकन आवाज, आणि कोपऱ्यातून भेगा पसरत जातात. नर्सबाई धावत बाहेर येतात. "भाई, आ शुं कर्युं?" तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. "चूक झाली बेन. मीच पाणी टाकलं."

लशी बर्फाच्या डब्यात घालून तुम्ही बसनं सिल्वासाला पोचवल्यात. त्या वाचल्या, पण दुसऱ्या दिवशी लांबून चालत आलेल्या बाया पोरं कडेवर घेऊन तशाच परत गेल्या, आणि दवाखान्याचं काम तुमच्या हातून गेलं. नंतर रविवारी तुम्ही नुसते दारात बसून असायचात. मला मात्र एका शब्दानं बोलला नाहीत. ती माया होती, की पोरीला छपरावर चढवल्याची लाज? कधी एक वाटतं, कधी दुसरं. तुम्ही गेल्यावर आईला विचारलं, तर ती म्हणाली, "काच त्यांनीच फोडली होती ना?" म्हणजे तिलाही सांगितलं नव्हतंत.

हे पत्र वहीतच राहील, म्हणून लिहिते. तुम्ही गोणपाट म्हणालात, ते मला नीट ऐकू आलं होतं. वाफ कशी उठते, ते मला बघायचं होतं.