यंदाची दत्तक

४ ऑगस्ट
आले एकदाची! ट्रंक, दोन पिशव्या आणि आईने जबरदस्तीने दिलेली पांघरुणं घेऊन जिने चढता चढता जीव मेटाकुटीला आला. खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आणि खिडकीखालीच टेबल. माझी रूममेट आधीच येऊन चांगली खाट पटकावून बसली होती. माझ्याच वर्गातली आहे. पहिल्या अर्ध्या तासात तिने मला बहिणीचं फिसकटलेलं लग्न आणि स्वतःच्या दातांचा साद्यंत इतिहास सांगून टाकला. मी मनातल्या मनात तिचं नाव रेडिओ ठेवलं, आणि संध्याकाळी तिला सांगूनही टाकलं. ती हसली आणि पुढचं स्टेशन लावलं.

विभागाच्या दारावरची पाटी दोनदा वाचली. क्लिनिकल मायक्रोबायॉलॉजी आणि इम्युनॉलॉजी. घरी सगळ्यांना वाटतं, मी हा विषय बारक्यासाठी घेतला. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत माझी एक त्याला द्यायची ठरली आहे. विषय मला आधीपासून आवडायचा, त्याच्या आजाराने आवडीला फक्त धार आली. आमची जुळणी झाली तेव्हा तो म्हणाला, ताई, जन्मभर माझ्या वस्तू ढापल्यास, आता एक तरी परत कर. मेला हसवतो आणि मग मलाच रडू येतं.

१० ऑगस्ट
प्रयोगशाळा झकास आहे. लांब काळे ओटे, निळे बर्नर, आणि कोपऱ्यात इनक्युबेटर, म्हणजे जंतूंना ऊब देणारं कपाट. मॅडम कडक आहेत. पहिला नियम: प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या डबीवर, नाव लिहायचं ते तळाला, जिथे जंतू वाढतात तिथे. झाकणावर कधीच नाही, कारण झाकणं बदलतात. दुसरा नियम: नखं खायची नाहीत. हे त्या सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या. काय करू, माझे हात स्वस्थ बसतच नाहीत.

इथे एक जंतू गेली कितीतरी वर्षं जिवंत ठेवलाय. कुणा रुग्णाच्या रक्तातून मिळाला होता म्हणे. त्याचं नाव काय ते आजवर कुणाला ठरवता आलेलं नाही, म्हणून सगळे त्याला म्हातारी म्हणतात. म्हातारीचे नखरे असे, की तिला दुसरं कुठलंही खाणं चालत नाही. प्लेटमध्ये माणसाचं रक्त लागतं, आणि तेही वर्षाला एकाच विद्यार्थ्याचं. म्हणून नवी बॅच आली की प्रत्येकाने आपल्या थोड्या रक्ताची प्लेट करायची. जिच्या प्लेटवर म्हातारी वाढेल ती यंदाची दत्तक! मग वर्षभर रक्त तिने द्यायचं. गेल्या वर्षीच्या दत्तक मुलीला थोरली म्हणतात. सतत त्या कपाटाशी स्टूल टाकून बसलेली असते. रेडिओ म्हणाली, तिला बोलकं करून दाखवते. तासाभराने हात टेकून परत आली.

१८ ऑगस्ट
आज दत्तकविधान झालं. मी आढेवेढे घेतले. बारक्याच्या डॉक्टरांनी जंतूंपासून जपायला सांगितलंय. मॅडम म्हणाल्या, अगं, तुला फक्त द्यायचंय, घ्यायचं काहीच नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मग मी बाही वर केली. रेडिओ आणि मी एकाच बर्नरवर काम केलं. हसण्याखिदळण्यात माझी जरा घाईच झाली.

२० ऑगस्ट
रेडिओच्या प्लेटवर! राखाडी, ओलसर, एकसंध थर. बाकी सगळ्यांच्या कोऱ्या. टाळ्या झाल्या. मला हायसं वाटलं आणि थोडी असूयाही वाटली, ही माझी जुनी खोड. झाकण उघडलं तेव्हा मला घरच्या उशीचा वास आला. माझ्या उशीचा, तेल लावलेल्या केसांचा. रेडिओ म्हणाली, तिला तर काहीच वास येत नाही.

२ सप्टेंबर
आज दुपारी थोरलीचे वडील आले होते. हातात पिशवी, घामाघूम झालेले. ती वर्षभरात घरी गेलेली नाही, म्हणून शेवटी तेच आले. आम्ही चारपाच जणी तिथेच होतो. थोरली उठली, नीट हसली आणि त्यांना म्हणाली, बसा ना, आपल्याला कुणाला भेटायचंय? त्यांना आधी वाटलं, पोरगी थट्टा करतेय. मग त्यांनी तिला लहानपणच्या नावाने हाक मारली. तिने फार अदबीने सांगितलं, की या नावाचं इथे कुणी नाही. ते पिशवी ओट्यावर ठेवून निघून गेले.

मॅडम म्हणाल्या, अभ्यासाचा ताण. रेडिओ तेव्हापासून गप्प आहे. ती गप्प असली की मला काही सुचत नाही. दोनदा बारक्याला फोन केला, उगीचच.

५ सप्टेंबर
रेडिओच्या नव्या रक्तावर म्हातारी वाढलीच नाही. मरायला टेकली आहे. मॅडमनी त्या दिवशीची प्लेट मागवली, उलटी केली. तळ कोरा. नाव झाकणावर. आम्ही दोघींनीही झाकणावरच लिहिलं होतं, आणि हसता हसता झाकणं बदलली. वाढलेली प्लेट माझी होती.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, म्हणजे तू आहेस होय. थोरलीने पहिल्यांदाच माझ्याकडे मान वळवली.

मी नाही म्हणाले. किडनीचं सांगितलं. तर मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांची ठेव तुझ्या चार थेंबांपायी जाईल. भिडेखातर दिले. भिडस्त माणसाचं पुढे काय होतं ते आई सांगतेच.

२१ सप्टेंबर
म्हातारी माझ्या रक्तावर नुसती फोफावतेय. मी फक्त देते, घेत काहीच नाही. हातमोजे, मास्क, सगळं काटेकोर. स्वतःचं रक्तही तपासलं, त्यात एकही जंतू नाही. मग चैन का पडत नाही? बसले की उठावंसं वाटतं, उठले की त्या कपाटापाशी जावंसं वाटतं. दुसरं स्टूल कुणी आणून ठेवलं कळलं नाही.

८ ऑक्टोबर
आजचं प्रात्यक्षिक सोपं होतं. आपल्या रक्तातलं सीरम, म्हणजे वरचं पिवळसर पाणी, काचेवर घ्यायचं. त्यात एकदा स्वतःच्या रक्तपेशी आणि एकदा परक्या पेशी मिसळायच्या. शरीर परक्याला ओळखतं आणि त्याच्या गुठळ्या करतं. आपल्याला काही करत नाही. सगळी इम्युनॉलॉजी या एवढ्यावर उभी आहे: आपलं कोण आणि परकं कोण.

माझ्या सीरममध्ये माझ्याच पेशींच्या गुठळ्या झाल्या.

काच बदलली, पुन्हा केलं. पुन्हा गुठळ्या. मग, का ते माहीत नाही, म्हातारीचा एक ठिपका घेऊन मिसळला. काहीच झालं नाही. दुधात साखर विरघळावी तशी ती विरघळली.

माझ्या रक्ताला ती आपली वाटते. परकी मी आहे.

११ ऑक्टोबर
बारक्याकडे हे जाणार. किडनीबरोबर हे त्याच्यात जाणार. रक्त स्वच्छ दिसतं म्हणून कुणी ऐकणार नाही. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, काच नीट धुतली नसशील. थोरली ऐकत होती. हसली.

रेडिओला सांगितलं. ती रडली. म्हणाली, सामान बांध, आत्ताच्या आत्ता इथून जाऊ. पण जाऊन काय? मी जिथे जाईन तिथे म्हातारी येणारच.

एकच आशा आहे. ऑपरेशनआधी जुळणी पुन्हा तपासतात. माझ्या पेशी त्याच्या सीरममध्ये घालतात. त्याच्या शरीराने त्या परक्या मानून मारल्या, की सगळं रद्द. आज नमुना पाठवला. जन्मात पहिल्यांदा नापास व्हावं म्हणून देवाला हात जोडले.

१५ ऑक्टोबर
पास. डॉक्टर म्हणाले, अशी जुळणी त्यांनी पाहिलेली नाही. एकही पेशी मेली नाही.

आईचा फोन आला. मी सांगितलं, आई, मी देणार नाही, त्याला माझ्यापासून लांब ठेव. स्पष्ट सांगितलं. ओरडून सांगितलं. आई हुंदके द्यायला लागली — आनंदाने. म्हणाली, किती धीराची गं माझी बाय, असंच बोलत राहा, बारक्याला फोन देते.

मी फोन ठेवला. मी काय बोलले? रेडिओ समोर बसली होती. तिला विचारलं. ती माझ्याकडे बघत मागे सरकली. म्हणाली, तू म्हणालीस, येते, लवकर येते.

१६ ऑक्टोबर
रेडिओने खोली बदलली. जाताना मिठी मारायला आली आणि मध्येच थांबली.

मला बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण ते माझं नसतं. हात अजून माझा आहे. लिहिते ते माझंच आहे. दहादा वाचून बघते.

२० ऑक्टोबर
ताप आला तर ऑपरेशन होत नाही. एवढं तर शिकलेय. बोट कापलं. ओट्यावरच्या सगळ्यात वाईट जंतूंची प्लेट घेतली आणि जखमेत चोळली. हात सुजेल, ताप चढेल, बारक्या वाचेल —

२१ ऑक्टोबर
ताप नाही. बोटावर साधा ओरखडासुद्धा नाही.
ती दुसऱ्या कुणाला आत येऊच देत नाही.

२५ ऑक्टोबर
घरी आले. पाय आपोआप आले. आईने जवळ घेतलं. तिचा वास — परका. एक बाई मला कुरवाळतेय असं —
ही माझी आई आहे. ही माझी आई आहे. लिहून ठेवते.

२७ ऑक्टोबर
हॉस्पिटल. मला आधी नेणार, मग त्याला.

डॉक्टरांना सांगायला गेले. ते खांद्यावर थोपटून म्हणाले, शाब्बास.

तोंड नाही. पाय नाहीत. हात आहे. बारक्याला हे पान दाखवायचं. तो हुशार आहे, त्याला कळेल. मोठ्या अक्षरात लिहिते:

बारक्या, माझी किडनी घेऊ नकोस. माझ्यात जे आहे ते मी नाही. तुझी ताई तुला हात जोडते. उठ आणि इथून जा. डायलिसिसवर राहा, दुसरं कुणी मिळेल, पण माझं काही घेऊ नकोस.

तो आलाय. चाकाच्या खुर्चीवर, दारात. किती वाळलाय. ओळखते मी त्याला. अजून ओळखते —

वही दिली. त्याने वाचलं. दोनदा वाचलं —

डोळे पुसले. हसला. वहीचा मुका घेतला आणि परत दिली. म्हणाला, ताई, इतकं सुंदर मला कुणी कधी लिहिलं नव्हतं —

पान तेच आहे. मी बघतेय. अक्षरं तीच आहेत, घेऊ नकोस असंच —

त्याला काय दिसलं — मग आधीची पानं — मी इतके दिवस काय लिहि